न संपणारे अतिनाट्य : दूरचित्रवाणी मालिका आणि सोसण्याची मुदत

मराठी समीक्षेने दूरचित्रवाणी मालिकेची दखल घेतली ती मुख्यतः तक्रारीच्या रूपाने. मालिका भडक असतात, लांबवलेल्या असतात, वास्तवापासून फारकत घेतलेल्या असतात, त्यांतील स्त्रिया झोपतानाही दागिने उतरवत नाहीत, ही यादी आता इतकी पाठ झाली आहे की ती म्हणून दाखवणाऱ्याला मालिका पाहण्याची गरज उरलेली नाही. यांतील एकही तक्रार खोटी नाही. परंतु हे सारे दोष उघड दिसत असताना, आणि पाहणाऱ्यांनाही ते दिसत असताना, मालिका इतक्या निष्ठेने का पाहिली जाते, या प्रश्नाला त्यांतून उत्तर मिळत नाही. ‘प्रेक्षकांची अभिरुची हीन आहे’ हे उत्तर नव्हे; तो प्रश्नाचाच वेगळ्या शब्दांतील उच्चार आहे. शिवाय त्यामागे एक न बोललेले गृहीतक असते. हा प्रेक्षक म्हणजे घरातली बाई, आणि तिच्या आवडीनिवडीत विचार करण्याजोगे काही असणार नाही, असे ते गृहीतक आहे.

याच्या नेमकी उलट भूमिका पाश्चात्त्य विद्यापीठांतील सांस्कृतिक अभ्यासाने घेतली. प्रेक्षक निष्क्रिय नसतो, तो संहितेतून आपले अर्थ घडवतो, प्रसंगी संहितेला विरोधही करतो, असे तिचे म्हणणे. या भूमिकेने प्रेक्षकाची प्रतिष्ठा राखली यात शंका नाही. पण तिचे औदार्य असे आहे की कोणत्याही संहितेला ते सारखेच लागू पडते. प्रेक्षक सर्व काही आपल्याला हवे तसे वाचत असेल तर संहिता नेमके काय करते हा प्रश्न शिल्लकच राहत नाही, आणि समीक्षकाला घरी जायला मोकळीक मिळते.

प्रस्तुत लेखात मी या दोन्ही वाटा टाळून एका साध्या निरीक्षणापासून सुरुवात करू इच्छितो. मालिकेने अतिनाट्याचे जवळजवळ सर्व संकेत उचलले. पण ज्या एका संकेतावर अतिनाट्याची नैतिक रचना उभी असते, तो शेवटाचा संकेत मात्र तिने सोडून दिला. या एका वजाबाकीने उरलेल्या सर्व संकेतांचे कार्य बदलते. मालिकेच्या आकर्षणाचे मूळ मला या बदलात दिसते, आणि तिच्या मर्यादेचेही.

२

‘मेलोड्रामा’ या संज्ञेसाठी आपण ‘अतिनाट्य’ हा शब्द वापरतो. तो सोयीचा आहे, पण काहीसा फसवाही आहे. ‘अति’ या उपसर्गामुळे असे वाटते की नाट्य नावाची एक योग्य मात्रा असते आणि ती ओलांडली की अतिनाट्य होते. पीटर ब्रूक्स यांनी १९७६ साली ‘द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन’ या ग्रंथात या मात्रावादी समजुतीला छेद दिला. त्यांच्या मते अतिनाट्य हा स्वतंत्र कल्पनाप्रकार आहे. धर्म आणि राजसत्ता यांनी दिलेली नैतिक निश्चिती फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ढासळली, आणि चांगले व वाईट यांची ओळख पुन्हा पटवून देण्याचे काम रंगमंचावर आले. सद्गुण जगात आहे, पण तो झाकला गेला आहे, त्याच्यावर आळ आला आहे, त्याला कोणी ओळखत नाही. आणि अखेरीस सर्वांसमक्ष त्याची ओळख पटते. ब्रूक्स यांच्या विवेचनातील महत्त्वाचा भाग असा की अतिनाट्याचे सार सद्गुणाला बक्षीस मिळण्यात नसून त्याची ओळख पटण्यात आहे. नायिका मेली तरी चालते. पण तिची निर्दोषता जाहीर झाल्यावाचून पडदा पडत नाही.

मराठी वाचकाला हे समजून घेण्यासाठी पॅरिसला जाण्याची आवश्यकता नाही. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आणलेल्या ‘एकच प्याला’मधील सिंधू हे या कल्पनाप्रकाराचे आपल्याकडील सर्वांत समर्थ रूप आहे. बालगंधर्वांनी रंगवलेली ती ठिगळांच्या लुगड्यातली सिंधू, दळण दळून पोट भरणारी, मृत्युशय्येवरही नवऱ्यावर आळ येऊ न देणारी. गडकऱ्यांच्या भडकपणावर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु सिंधूच्या सोसण्याला एक मुदत होती, याकडे या टीकेचे लक्ष फारसे गेले नाही. पाच अंकांत तिचे सोसणे संपते. ते मृत्यूने संपते, म्हणून ते भयंकर आहे. पण ते संपते, म्हणून त्याला अर्थ लावता येतो. सुधाकराला ती कोण होती हे कळते, फार उशिरा का होईना, कळते. प्रेक्षक रडून उठतो तेव्हा त्याच्या हाती एक पूर्ण झालेली आकृती असते. तिच्यावरून तो दारूबद्दल, पातिव्रत्याबद्दल, किंवा त्या पातिव्रत्याच्या क्रौर्याबद्दलही काही निर्णय करू शकतो.

आता या सिंधूला मरण्याची परवानगी नाकारा, सुधाकराला उमज पडण्याचा क्षण दर शुक्रवारी जवळ आणून सोमवारी दूर ढकला, आणि तळीरामाच्या जागी एखादी जाऊ किंवा नणंद ठेवा. जे तयार होईल ते आपल्या ओळखीचे आहे.

३

मालिका या प्रकाराचा जन्म अमेरिकेत नभोवाणीवर, १९३० च्या दशकात झाला. साबण विकणाऱ्या कंपन्यांनी दुपारच्या वेळी घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी त्या प्रायोजित केल्या, यावरून सोप ऑपेरा हे कुत्सित नाव पडले. ‘गाइडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षे चाललेल्या कथेला शेवट होता असे म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय. या तपशिलात मी अधिक जात नाही. आपल्या विवेचनापुरते इतके पुरे की शेवट नसणे हा या प्रकारातील दोष नसून जन्मखूण आहे.

शेवट नसल्यामुळे काय बदलते, ते एकेका संकेताच्या आधारे पाहणे उपयुक्त ठरेल. पहिला संकेत मौनाचा. प्रारंभीच्या फ्रेंच अतिनाट्यात मुकी पात्रे वारंवार येतात. पिक्सेरेकूर याच्या १८०० सालच्या ‘कोएलिना’ या नाटकात नायिकेचा खरा बाप मुका आहे. सत्य ज्याच्याजवळ आहे त्यालाच वाचा नाही. मालिकेतील नायिका मुकी नसते, उलट ती पुष्कळ बोलते. पण जे एक वाक्य बोलले असता सर्व गैरसमज दूर होतील, तेवढे ती बोलत नाही. सासऱ्यांची प्रकृती, नणंदेचे ठरलेले लग्न, घराची अब्रू, कोणाला तरी दिलेले वचन, असे काही ना काही कारण तिच्या ओठांवर हात ठेवते. मालिका पाहणाऱ्या कोणत्याही घरात ‘एवढं सांगून टाकायला हिचं काय जातं?’ हे वाक्य ऐकू येते. टीकाकार याला कथानकातील कृत्रिमता म्हणतात. मला मात्र हे वाक्य या प्रकाराच्या आस्वादाचे केंद्र वाटते. कारण ते उच्चारणारी बाई स्वतः किती गोष्टी सांगून टाकते? कुटुंबात न बोलण्याला सद्गुण मानणारी जी आचारसंहिता आहे, ती मालिकेने शोधून काढलेली नाही. मालिकेने तिला कथानकाचे इंधन बनवले आहे. मौन तुटले की कथा संपेल, आणि कथा संपवायची नाही. म्हणून मौन राखले जाते. एका व्यावसायिक गरजेची आणि एका कौटुंबिक नियमाची येथे अशी काही गाठ पडली आहे की कोण कोणाचे कारण आहे हे सांगणे अवघड व्हावे.

दुसरा संकेत चेहऱ्यांचा. दिवाणखान्यात एखादे गुपित फुटते. वाक्य दोन-तीन सेकंदांचे. त्यानंतर कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर जातो, मग सासऱ्यांच्या, दिराच्या, जावेच्या, दारात उभ्या राहिलेल्या मोलकरणीच्या. नायिकेचा चेहरा तीन वेळा, तीन कोनांतून, प्रत्येक वेळी ढोलाच्या किंवा विजेच्या कडकडाटासह. वेळकाढूपणा हे याचे एक कारण आहेच. रोज बावीस-पंचवीस मिनिटे भरणे हे काम सोपे नाही. पण त्याच वेळी हा फेरा एक प्रकारचा पंचनामाही असतो. घरातील प्रत्येकाने या गोष्टीवर काय मत दिले ते क्रमाने नोंदवले जाते, आणि त्यांत बहुतेक मते चुकीची असतात. एक चेहरा हसतो, तो खलनायिकेचा. ते हसू घरातील कोणालाही दिसत नाही, आपल्याला दिसते. नाट्यमन्वंतराच्या काळापासून वास्तववादी रंगभूमीने जे स्वगत हळूहळू हद्दपार केले, ते खलनायिकेच्या मिटलेल्या ओठांमागून, ध्वनिमुद्रित आवाजात, मालिकेत परत आले आहे. त्याचेही काम तेच आहे. जे घराला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला सांगणे.

म्हणजे अतिनाट्यात अखेरीस जी ओळख पटायची ती मालिकेत पहिल्याच आठवड्यात पटलेली असते. फक्त ती घराला नव्हे, प्रेक्षकाला पटलेली असते. सद्गुण कोठे आहे हे आपल्याला माहीत आहे. घरातल्यांना माहीत नाही. आणि हे अंतर शेकडो भाग टिकवून धरायचे आहे. ओळखीचा क्षण कथेच्या टोकावरून उचलून प्रत्येक दिवशीच्या पाहण्यात वाटून टाकला आहे, असे म्हणता येईल. मालिकांत वारंवार दिसणारा एक दृश्यसंकेत या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. नायिका देव्हाऱ्यासमोर उभी राहून जे कोणाला सांगता येत नाही ते देवाला सांगते, आणि कॅमेरा मूर्तीच्या मागे ठेवलेला असतो. मूर्तीच्या खांद्यावरून आपण तिच्याकडे पाहतो. प्रेक्षक येथे शब्दशः देवाच्या जागी बसवला आहे. त्याला सर्व दिसते, सर्व कळते, आणि तो काही करत नाही.

तानिया मोड्लेस्की यांनी १९८२ च्या ‘लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स’ या पुस्तकात अमेरिकन मालिकांच्या प्रेक्षकाला आदर्श मातेची जागा दिली. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या सर्व मुलांना समजून घेणारी आणि स्वतःसाठी काही न मागणारी आई. आपल्या मालिकांच्या बाबतीत ही उपमा मला अपुरी वाटते. आपल्याकडे प्रेक्षक सगळ्यांना समजून घेत नाही, तो साक्ष देतो. त्याचे सुख साक्षीचे आहे. ज्या बाईचे सोसणे घरात कोणी पाहत नाही, पाहिले तरी मोजत नाही, तिला येथे असे एक सोसणे दिसते की ज्याचा एकही क्षण पाहण्यावाचून सुटलेला नाही. तीन कोनांतून पाहिलेला आहे. अन्यायाचे निवारण होईल या आशेने मालिका पाहिली जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात अन्याय नोंदला जातो आहे, एवढेच तिच्या आकर्षणाला पुरते.

डच अभ्यासक इएन आंग यांनी ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेच्या प्रेक्षकांकडून एका महिला-मासिकातील जाहिरातीद्वारे पत्रे मागवली. बेचाळीस पत्रे आली, आणि १९८२ साली त्यांवर आधारलेले पुस्तक निघाले. टेक्सासमधील तेलसम्राटांचे जीवन आपल्यासारखे नाही हे पत्रलेखिकांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांपैकी पुष्कळांना ती मालिका ‘खरी’ वाटत होती. आंग यांनी यास भावनिक वास्तव म्हटले. दागिने घालून झोपणाऱ्या सुनेबाबत हेच म्हणावे लागेल. दागिने खोटे आहेत हे सर्वांना दिसते. पण स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आपल्याविषयी चाललेले बोलणे ऐकून न ऐकल्यासारखे करणे खोटे नसते.

४

येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो, आणि तो आजवर या संदर्भात वापरला जायला हवा होता असे मला वाटते. भरताने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांची बाह्य लक्षणे पुष्कळशी सारखी असल्याचे मान्य करून त्यांतील फरक एका गोष्टीवर ठेवला. करुण निरपेक्ष असतो, तेथे आशा उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो, तेथे पुनर्मीलनाची अपेक्षा असते. अश्रू तेच, निश्वास तेच, पण एकामागे दार बंद झालेले आहे आणि दुसऱ्यामागे ते किलकिले आहे. मालिकेतील दुःखाला आपण सहज करुण म्हणतो. ते करुण नाही. मालिकेत कोणतेही दार कायमचे बंद होत नाही, म्हणून तिचे सर्व दुःख, मृत्यूचे दुःखदेखील, सापेक्ष असते.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेतील मिहिर विराणीचा मृत्यू २००१ साली दाखवला गेला. प्रेक्षकांचा क्षोभ झाला, आणि तो परत आला. विनोद म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पण प्रेक्षकांनी येथे काव्यशास्त्राच्या भाषेत एक आक्षेप घेतला होता. आम्ही विप्रलंभ पाहायला बसलो असता तुम्ही करुण का दाखवता, असा तो आक्षेप होता, आणि निर्मात्यांनी तो तत्काळ मान्य केला. स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारी दुसरी व्यक्ती, प्लास्टिक सर्जरी, दरीत कोसळलेली पण प्रेत न सापडलेली मोटार, ही सगळी उपकरणे या सापेक्षतेच्या सेवेत आहेत. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेत जान्हवीला आपल्या लग्नाचाच विसर पडतो. नायक-नायिका एकत्र येऊन सुखी झाली म्हणजे विप्रलंभ संपतो. म्हणून जे घडून गेले आहे ते पुसून पुन्हा घडवावे लागते. पुढे जान्हवीचे गरोदरपण इतके लांबले की ते महाराष्ट्रभर थट्टेचा विषय झाले. ही थट्टा करणारे बहुतेक जण मालिका पाहणारेच होते, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. थट्टा हा येथे आस्वादाचा विरोधी पक्ष नाही. तो त्याच घरातला, त्याच सोफ्यावरचा शेजारी आहे.

शेवट नसलेल्या कथेला काळ कोठून मिळतो? तो प्रेक्षकाच्या दिनदर्शिकेतून मिळतो. वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, दिवाळी, संक्रांतीचे हळदीकुंकू हे सर्व मालिकेत त्याच आठवड्यात येते ज्या आठवड्यात ते बाहेर येते. नाटकाचा काळ अंकांत मोजतात. मालिकेचा काळ सणांत. वर्षाच्या या चक्राला टोक नसते, आणि चक्राकार काळात सोसणे म्हणजे संकट नव्हे, ऋतुमान होय. अधूनमधून रविवारी ‘महाएपिसोड’ येतो, एखादे लग्न लागते, एखादी खलनायिका उघडी पडते. पण सोमवारी ती स्वयंपाकघरात असते. हाकलून दिलेली खलनायिका दोन आठवड्यांत क्षमा मागून परत येते, कारण ती गेली तर सोसायचे कोणाचे?

या दृष्टीने ‘चार दिवस सासूचे’ हे शीर्षक विलक्षण बोलके आहे. मूळ म्हण जोडीची आहे. तिच्या उत्तरार्धात चार दिवस सुनेचेही येतात. ती म्हण कितीही कडू असो, ती मुदतीची म्हण आहे. सासुरवासाला अवधी असतो, पाळी पालटते, इतका दिलासा ती देते. मालिकेने म्हणीचा उत्तरार्ध गाळला आणि पूर्वार्धातील चार दिवस २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग, चालवले. रोहिणी हट्टंगडी यांची सासू आणि कविता लाड यांची सून यांचे हे नाते पुढे बरेचसे मायेचे झाले हे खरे आहे. पण मग छळायला घरात इतर माणसे आली. पात्रे पालटली, पाळी पालटली नाही.

या सगळ्याचा हेतूशी संबंध किती थोडा असतो याचे उदाहरण भारतीय मालिकेच्या आरंभापाशीच सापडते. ‘हम लोग’ ही मालिका दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो यांनी मालिकांद्वारे सामाजिक शिक्षणाचा जो प्रयोग केला होता, त्याच्या धर्तीवर हिची आखणी झाली. कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा हे विषय कथेत गुंफायचे, काही पात्रे अनुकरणीय ठेवायची, काही टाळण्याजोगी, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार यांनी प्रेक्षकांशी बोलायचे. या योजनेत भागवंती ही आई टाळण्याजोग्या पात्रांत मोडत होती. नवऱ्याची दारू, सासूचे टोमणे, मुलांची दुःखे मुकाट्याने सोसणारी ही बाई पाहून प्रेक्षकांना सोशिकतेचा वीट यावा, अशी अपेक्षा होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे या मालिकेचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की भागवंतीलाच अनुकरणीय मानणारे प्रेक्षक पुष्कळ होते.

या निष्कर्षाचे स्पष्टीकरण साधारणपणे प्रेक्षकांच्या परंपरानिष्ठेत शोधले जाते. ते अर्धेच आहे. प्रेक्षकांनी संहिता चुकीची वाचली नाही. आखणी करणाऱ्यांनी प्रकार चुकीचा वाचला. अतिनाट्याच्या संकेतव्यूहात जो सोसतो तो सद्गुणी असतो. चेहऱ्याजवळ गेलेला कॅमेरा हा तेथे गौरवच असतो. भागवंतीच्या डोळ्यांतले पाणी जवळून दाखवायचे आणि मग अशोककुमारांनी येऊन ‘असे वागू नका’ म्हणायचे, यात प्रेक्षक कोणावर विश्वास ठेवणार हे ठरलेलेच होते. एकीकडे निवेदन, दुसरीकडे चेहरा; या प्रकारात चेहरा हरत नाही.

५

मग या प्रकाराच्या आत राहून सोशिक नायिकेला सोडवता येते काय? हा प्रश्न तात्त्विक वाटेल, पण गेल्या काही वर्षांत तो प्रत्यक्षात विचारला गेला आहे. त्यासाठी ‘आई कुठे काय करते!’ या मालिकेकडे वळले पाहिजे. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’वरून घेतलेली ही मालिका डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. हिंदीतील ‘अनुपमा’ ही तिची धाकटी बहीण. नायिका अरुंधती पंचवीस वर्षे संसार केलेली गृहिणी आहे. शीर्षक हे तिच्याविषयी घरात सहज बोलले जाणारे वाक्य आहे, आणि आरंभीच्या भागांचे बळ या वाक्याच्या नेमकेपणात आहे. तिचा छळ होत नाही. तिच्याकडे कोणी पाहत नाही, एवढेच. डबा, औषधे, इस्त्रीचे कपडे या गोष्टी आपोआप घडतात असे घर समजून चालते. साक्षीचे जे सुख मी वर म्हटले ते येथे अगदी उघडपणे मालिकेचा विषय झाले होते. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध तिला कळतात, आणि पुढे बऱ्याच काळाने ती घटस्फोट घेते.

सुधा जोशींची आठवण येथे अपरिहार्य आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘आभाळमाया’तील ही प्राध्यापिकाही नवऱ्याच्या आयुष्यातील दुसऱ्या स्त्रीला सामोरी गेली होती. पण सुधाला घराबाहेर महाविद्यालय होते, वर्ग होता. कथेला जायला दुसरी जागा होती. अरुंधतीला घराबाहेर जागा निर्माण करावी लागते, आणि मालिकेने ती करण्याचा प्रयत्न केला हे नाकारता येणार नाही. ती गाते, कमावते, एकटी राहते, पुढे आशुतोषशी लग्न करते. प्रौढ, घटस्फोटित, मोठ्या मुलांची आई असलेल्या स्त्रीचे पुनर्विवाहाचे सुख मराठी घराघरांत रोज पाहिले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु घटस्फोटानंतरही कथा तिला या ना त्या निमित्ताने देशमुखांच्या घरात आणत राहते. कोणाचे आजारपण, मुलीचा संसार, सुनेचे बाळंतपण, सासऱ्यांचा आग्रह. मुले तिची, म्हणून जबाबदारी तिची. पूर्वीचा नवरा त्याच दिवाणखान्यात, त्याची दुसरी बायको त्याच स्वयंपाकघरात, आणि अरुंधती पुन्हा दोघांच्या मध्ये, समजूत घालत. लेखकांनी कच खाल्ली असे म्हणणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. दैनंदिन मालिकेत घर हे कथेचे स्थळ नसून कथेचे यंत्र असते. एकदा उभारलेला सेट, ठरलेली प्रकाशयोजना, ठरलेले कलावंत, रोज एक भाग पुरा करण्याची निकड. या व्यवस्थेत नायिका घर सोडू शकते, मालिका सोडू शकत नाही. २०२१ च्या वसंतात करोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले आणि अनेक मराठी मालिकांची पथके गोवा, दमण, सिल्वासा येथे गेली. तेव्हा पडद्यावरची सगळी कुटुंबे एकाएकी सहलीला किंवा गावच्या घरी निघालेली दिसू लागली. एरवी सहा महिने एका खोलीत फिरणाऱ्या कथांची उघड्यावर आल्यावर जी त्रेधा उडाली, तिच्यावरून त्या खोलीचे महत्त्व कळावे. लपून ऐकायला दार नव्हते, जिन्यावरून खाली पाहायला जिना नव्हता.

अरुंधतीच्या परत येण्याकडे या अंगाने पाहिले की मालिकेविषयीचा आपला रोष वेगळ्या ठिकाणी जातो. नायिका सोशिक आहे यावर आक्षेप घेण्यात फारसे हशील नाही. आपल्या समाजात ती आहेच, आणि तिचे सोसणे कोणीतरी तपशिलाने पाहावे ही मागणी न्याय्य आहे. आक्षेप घ्यायचा तो याला की येथे पाहिले जाणे हेच सोसण्याचे मोल ठरते, आणि पाहिले जात राहण्यासाठी सोसत राहावे लागते. आशुतोषचा मृत्यू घडवून मालिकेने अरुंधतीला पुन्हा एकटे केले, तेव्हा पुष्कळ प्रेक्षक संतापले. मिहिरच्या वेळचा संताप आणि हा संताप यांत मला फरक दिसतो. मिहिर परत हवा म्हणणाऱ्यांना कथा चालू राहायला हवी होती. आशुतोषसाठी चिडलेल्यांपैकी कित्येकांना, माझ्या समजुतीप्रमाणे, ती तेथे संपायला हवी होती. तिला सुखात सोडून द्या, असे ते म्हणत होते. प्रेक्षकाने देवाच्या जागेवरून उठून काही मागितले असेल तर ते एवढेच. आणि ही मागणी या प्रकाराच्या व्याकरणात बसत नाही. मिहिरला परत आणणे शक्य होते; कथा सुखाच्या जागी थांबवणे शक्य नव्हते.

मालिका अखेर थांबली ती नोव्हेंबर २०२४ मध्ये. त्याआधी काही महिने तिला संध्याकाळच्या वेळेवरून दुपारच्या वेळेवर हलवण्यात आले होते. संध्याकाळी नव्या मालिकांना जागा हवी होती. दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांनी जे ठरते त्याला वाहिन्यांच्या भाषेत ‘मालिका निरोप घेत आहे’ असे म्हणतात. मग पंधरा दिवसांत सर्व गैरसमज मिटतात, चार-पाच वर्षे न उमजलेल्या माणसांना एकामागून एक उमज पडते, आणि घरातले सगळे जण दिवाणखान्यात एका रांगेत उभे राहून आईने काय काय केले ते सांगू लागतात.